छापलं त्या क्रमाने

वहिनीने पाठवलेल्या खोक्यावर हेरंबचं अक्षर:
गोष्टीच्या नव्हे, छापलं त्या क्रमाने वाच.
खाली रेघ. रेघेखाली:
बोट ओलं करू नकोस.

तर अंक पहिला. किंमत साठ पैसे.
तडितवीर अजून तडितवीर नाही,
नुसता फिटर, विजेच्या खांबावर चढलेला,
मुखवटा नाही, छातीवर चिन्ह नाही,
अंगरखा पिवळा.
लाल शाई छापखान्यातच संपली असावी.
तिसऱ्या अंकात तो लाल होतो. कुणी काही विचारत नाही.
सहाव्यात शेजारच्या सुमतीची मालती होते
आणि तोही तिला मालतीच म्हणतो,
जन्मापासून म्हणत आल्यासारखा.

आम्ही असे कधी वाचलेच नव्हते.
जांभळी नाक्याला छेडाशेठच्या लायब्ररीत
जो अंक परत आलेला असेल तो आपला.
दिवसाला दहा पैसे, पान फाटलं तर चार आणे.
मी त्याला आधी मेलेला पाहिला, एक्केचाळिसाव्यात,
खाडीच्या पुलावर, दोन्ही तळहात जळालेले.
पुढल्या शनिवारी बारावा मिळाला
तर हा बसून भजी खातोय.
मला त्या भज्यांनी रडू आलं.
हेरंब म्हणाला, वेडे, हे आधीचं आहे.

आता रोज रात्री एक. ओटा आवरला की
कोपरीच्या गॅलरीत, चष्मा पुसून.
पानांना वास कापराचा, थोडा झुरळांचा.
मलपृष्ठावर: घरबसल्या संमोहन शिका. उंची वाढवा.
नवव्यापासून चित्रकार बदललाय.
नाव कुठेच नाही, पण हनुवटी सांगते.
ह्याला पंजे काढता येत नाहीत,
म्हणून तडितवीर वर्षभर
हात पाठीमागे बांधून जगाला वाचवतो.

तेहेतिसाव्यात त्याचा बाप येतो.
तोवर उल्लेखसुद्धा नाही.
एकदम आठ पानं, तपकिरी रंगात:
बाप खाणीत होता, बापाने कुणाला बाहेर काढलं,
घरी त्याचा शब्द नाही.
ही पानं सगळ्यात आधी लावायला हवीत रे,
मी खोक्याला मोठ्याने म्हणाले.

पण मग बाबा.
बाबा पहिल्या अंकापासून
पहाटे पाणी भरणारे, पेपरच्या कडेला हिशेब मांडणारे.
वागळे इस्टेटच्या भोंग्याला जायचे, भोंग्याला यायचे.
ते गेल्यावर चौदाव्या दिवशी
किसननगरहून एक म्हातारे आले, रामअवध नावाचे,
डाव्या हाताला तीन बोटं.
चहा बशीत ओतून म्हणाले, हातच जायचा होता.
तुमच्या वडिलांनी पट्ट्यात खांदा घातला.

खांदा. ज्यावर आम्हाला कधी बसू दिलं नाही,
आणि मी चाळीस वर्षं
ज्याला तुसडेपणा म्हटलं.

अंक अठ्ठावन्न, वाचकांची पत्रं.
हे. द. गुप्ते, कोपरी, ठाणे पूर्व, वय अकरा:
संपादककाका, सुमतीची मालती कशी झाली?
माझी बहीण म्हणते, तुम्ही विसरलात.

मी म्हटलं होतं?
उत्तर दोनच ओळींचं:
चाणाक्ष वाचका, तुझ्या बहिणीस शाबासकी.
खुलासा पुढील अंकी.

साठ आहे. एकसष्ट आहे, त्याला दोन प्रती.
एकोणसाठच्या जागी पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर पेन्सिलीने:
शोधतोय. दादर झालं, फोर्ट झालं, पुण्याला दोनदा.
छेडाशेठच्या नातवाला विचारणे.

पुढे नातवाचा नंबर. आकडे सातच.
उद्या आधी दोन लावून बघते.
साठावा तोवर बंद.